तासरावांचा तराजू

चष्मेवाला आपल्या सासऱ्यांना पहिल्यांदा भेटला तो तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध, आणि तिथे त्याचं निम्मं आयुष्य गेलं. निदान तो तसं सांगतो. लिफ्टमध्ये शिरला तेव्हा तो गुळगुळीत दाढी केलेला तरणाबांड गडी होता आणि बाहेर पडला तेव्हा लोक त्याला उठून जागा द्यायला लागले होते. मधल्या काळात म्हणे बाहेर दोन सरकारं बदलली, त्याच्या पायातल्या बुटांची फॅशन जाऊन परत आली, आणि ज्या आजींचा चष्मा पोचवायला तो निघाला होता, त्यांचा नंबरच बदलला. सासरे म्हणतात, "चार मिनिटं. फार तर पाच." खरं काय ते त्या लिफ्टला ठाऊक, आणि ती लिफ्ट आता भंगारात गेली.

झालं होतं ते असं. चष्मेवाला तेव्हा चष्म्यांच्या एका दुकानात नोकरीला होता. सहाव्या मजल्यावरच्या एका आजींना जिना उतरवत नसे, म्हणून मालकाने रविवारी सकाळी त्याला त्यांचा नवा चष्मा घेऊन पिटाळलं होतं. इमारत जुनी आणि लिफ्ट इमारतीहून म्हातारी. जाळीची सरकती दारं, आत एक पिवळा दिवा आणि एक आरसा, ज्यात धडधाकट माणूससुद्धा नुकता काविळीतून उठल्यासारखा दिसे. चष्मेवाल्याच्या कानात गाणी. त्यामुळे वरून कोणीतरी खणखणीत आवाजात "आत कोणी आहे का?" असं विचारलं, ते त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही. लिफ्टने एक उसासा टाकला आणि ती उभी राहिली.

त्याने सगळी बटणं दाबून पाहिली. मग घंटा दाबली, आणि दाबूनच धरली.

"कोण आहे?" वरून आवाज आला.

"मी!"

"मी तर मीसुद्धा आहे. तुम्ही कोण?"

"चष्मेवाला! लिफ्ट अडकलीय!"

"अडकली नाही. बंद केलीय. बंद करण्याआधी दोनदा विचारलं, आत कोणी आहे का म्हणून."

"मी गाणी ऐकत होतो!"

"मग ऐका की. घाई काय आहे? माझा तास चालू आहे."

जाळीतून चौथ्या मजल्याची फरशी बरोबर त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येत होती. त्या फरशीवर दोन निळ्या सपाता येऊन थांबल्या. मग त्या सपातांची मालकीण खाली बसली आणि तिने जाळीतून आत डोकावलं.

"घाबरू नका. जाळी आहे, श्वास कोंडत नाही."

"वर कोण आहेत ते?"

"माझे बाबा."

"मग त्यांना सांगा ना काहीतरी!"

"सांगितलं असतं. पण तास चालू असताना ते कोणाचं ऐकत नाहीत. उद्या देव जरी अडकला ना, तरी म्हणतील, आधी विचारलं होतं. बिस्कीट खाता?"

तिने जाळीतून बिस्कीट दिलं. चष्मेवाल्याने ते खाल्लं, आणि संकटातही धंदा सोडायचा नाही ह्या दुकानाच्या शिकवणीला जागून तो म्हणाला, "तुम्हाला लांबचं कमी दिसतं का हो?"

"कशावरून?"

"माझ्याकडे बघताना डोळे बारीक करताय."

"हसू दाबतेय," ती म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावरून दोन बूट खाली आले. काळे, जड, टाचा झिजलेले, पण नाड्या अशा बांधलेल्या की शाळेत नमुना म्हणून ठेवाव्यात. बुटांच्या वर कुठेतरी सासरे होते, पण ते जाळीच्या चौकटीत मावत नव्हते. "बरे आहात ना?" बुटांनी विचारलं. "बरा कसा असेन?" "उभे आहात म्हणजे बरे आहात." बूट परत वर गेले, वरचं एक चाक कुरकुरायला लागलं, आणि लिफ्ट वीतवीत वर सरकत चौथ्या मजल्याला येऊन लागली. चष्मेवाला बाहेर पडला तो थेट प्रेमात.

ह्या गृहस्थांना तोंडावर सगळे 'मिस्त्री' म्हणत आणि पाठीमागे 'तासराव'. रस्त्यावरच्या सात-आठ इमारतींच्या लिफ्टा त्यांच्या हाताखालून जात. ह्या इमारतीत त्यांना गच्चीखालची दोन खोल्यांची जागा मिळालेली होती, तिथे ते, बायको आणि निळ्या सपातांची लेक असे तिघं राहत. दर रविवारी सकाळी ते लिफ्ट तासभर बंद ठेवत. तास सुरू झाला की इमारतीत कोणी आजारी पडत नसे. पडायचंच असेल तर आधी खाली येऊन पडत असे. नवीन कपाटं, सासरी निघालेल्या मुली, रुसून माहेरी निघालेल्या सुना, सगळ्यांचे मुहूर्त तास टाळून काढलेले असत.

तासाचा पहिला अर्धा भाग लिफ्टचा. दोर तपासायचे, ब्रेक बघायचा, तेल घालायचं. दुसरा अर्धा भाग तासरावांचा स्वतःचा. "आठवड्यातून एकदा जे आपणहून थांबत नाही, ते भलत्या वेळी थांबतं," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. ते लिफ्टला लागू होतं, तसं माणसालाही लागू होतं, आणि सहाव्या मजल्यावरच्या आजींच्या मते, जिने चढून ज्यांचे गुडघे गेले त्यांनाही लागू होतं.

गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची एक खोली होती. आत मोटार, दोरांचं मोठं चाक, भिंतीला पान्यांची रांग, आणि मधोमध एका लाकडी खोक्यावर तराजू. बंद पडलेल्या एका किराणा दुकानातून त्यांनी तो उचलून आणला होता. तराजूशेजारी एक पत्र्याचा डबा, आणि त्यात जुन्या लिफ्टांमधून निघालेले नट, बोल्ट आणि वॉशर. तासरावांच्या आयुष्यातलं प्रत्येक काम म्हणजे त्या डब्यातला एक नट. क्षुल्लक काम असेल तर वॉशर, बरं काम असेल तर नट, आणि ज्याने झोप उडेल असं काम असेल तर अंगठ्याएवढा बोल्ट. डावं पारडं कामाचं, उजवं घराचं. कोणता नट कशाचा, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. गुराखी गुरं ओळखतो तसे ते नट ओळखत.

सोमवार ते शनिवार जे झालं, ते ते रविवारी पारड्यातून उचलून डब्यात टाकत. जे राहिलं, त्याला प्रश्न विचारत, आणि हे प्रश्न लिफ्ट बिघडल्यावर विचारायचे तेच असत: काय अडकलं? का अडकलं? त्यात माझा हात किती? सासूबाई म्हणत, "शेवटच्या प्रश्नाला ह्यांना क्षणभरही लागत नाही, म्हणून तर एवढं सगळं तासात उरकतं."

मग पुढच्या आठवड्याची भरती. आणि इथे तासराव भारी काटेकोर. लिफ्टच्या दोराला एका टोकाला माणसांचा डबा असतो आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्यांचं वजन. एक वर गेलं की दुसरं खाली. हे वजन डब्याला तोलून धरतं, म्हणून मोटारीला सगळा भार ओढावा लागत नाही. "माणसाचंही तसंच," तासराव सांगत. "एकीकडे काम, एकीकडे घर. दोन्ही तोलात असली की माणूस कमी विजेवर चालतो. नाहीतर बघा, चौथ्या मजल्यावरचे साहेब. कामाचं पारडं जमिनीला टेकलंय, घर छताला लागलंय. ब्रेक कधी जाईल सांगता येत नाही." साहेबांचा ब्रेक काही गेला नाही, त्यांना बढती मिळाली. पण त्याने तासरावांचं काही बिघडलं नाही. सिद्धान्त मांडणाऱ्याने शेजाऱ्यांच्या बढत्यांकडे बघत बसू नये.

तर अशा माणसाकडे चष्मेवाल्याला मुलगी मागायला जायचं होतं.

मधल्या काळात सहाव्या मजल्यावरच्या आजींच्या चष्म्याला जगातले सगळे रोग झाले होते. काडी सैल झाली, काच निसटली, नाक टोचलं. दर आठवड्याला चष्मेवाला हजर. आजी समजून होत्या, त्या एकदा म्हणाल्यासुद्धा, "अरे, चष्म्यातून मला सगळं स्वच्छ दिसतंय बरं का. अगदी गच्चीखालच्या खोल्यांपर्यंतचं." शेवटी लेकीनेच त्याला बजावलं, "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? सरळ वर जा आणि विचार. रविवारीच जा. तासात जे पारड्यात पडत नाही ते आमच्या घरात होत नाही."

तो वर गेला. तासराव ब्रेक पुसत होते.

"काय काम?"

"मला... म्हणजे आम्हाला... तुमच्या मुलीशी लग्न करायचंय."

तासरावांनी हात पुसले, डबा घेतला आणि बराच वेळ खडखडाट करून तळातून एक बोल्ट काढला. इतका मोठा बोल्ट चष्मेवाल्याने फक्त पुलाला लावलेला पाहिला होता. त्याने भीतभीत विचारलं, "हा मी?"

"तुम्ही वॉशर. हा तुमच्या लग्नाचा." त्यांनी तो घराच्या पारड्यात ठेवला. पारडं धाडकन खोक्यावर आपटलं आणि कामाचं पारडं छताकडे बघत लोंबकळायला लागलं.

"बघितलंत?" तासराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, होता तो फक्त निष्कर्ष. "माझी ना नाही. मुलगा बरा दिसतोय, गाणी ऐकायची सवय जाईल. पण वजन जुळत नाही."

"कामाच्या बाजूला थोडं वाढवलं तर?"

"लग्न जुळावं म्हणून लिफ्टा बिघडवू की काय? घराच्या पारड्यात काय काय पडलंय ते आधी हलकं होऊ दे. मग लग्न."

चष्मेवाल्याने पारड्यात डोकावून पाहिलं, तसे तासराव एकेका नटावर बोट ठेवत सांगत गेले. स्वयंपाकघराची भिंत रंगवायची होती. गळका नळ. माळ्यावरचा पसारा. तासरावांच्या मोठ्या भावाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. गुडघ्याचा व्यायाम. कोपऱ्यात एक पितळी नट होता, बाकी सगळे लोखंडी. तो कशाचा, हे तासरावांनी सांगितलं नाही, आणि चष्मेवाल्याने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

पुढच्या रविवारी तो ब्रश घेऊन हजर झाला. स्वयंपाकघराची भिंत त्याने दिवसभर खपून रंगवली, आणि संध्याकाळी भिंत, फरशी आणि तो असे तिघंही एकाच रंगाचे झाले. मग नळ. मग माळा. मोठ्या भावाला डॉक्टरांकडे न्यायची तर गरजच नव्हती, त्याने त्यांना दुकानात बसवून नंबर काढला आणि चष्मा करून दिला. गुडघ्याचा व्यायाम मात्र दुसऱ्याने करून भागत नाही, म्हणून तो तासरावांच्या समोर बसून स्वतःही पाय वरखाली करत असे. इमारतीतले लोक मजेने बघत. लिफ्टमध्ये एक जण दुसऱ्याला म्हणाला, "जावई व्हायच्या आधीच राबतोय. झाल्यावर काय, मोटारीच्या जागी बसवणार की काय?"

गंमत अशी की पारडं काही हलकं होईना. एक नट निघाला की दुसरा येऊन बसलेला असे. भिंत झाली तर कपाटाचं दार. नळ झाला तर मोरीचं भोक. तासराव बुचकळ्यात पडले. "हे कपाटाचं कधी आलं?" असं ते पुटपुटत, पण नट पारड्यात आहे म्हणजे काम आहे, ह्या नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

एका रविवारी चष्मेवाला जरा लवकर गेला, आणि यंत्राच्या खोलीत त्याला सासूबाई दिसल्या, म्हणजे होणाऱ्या. हातात झाडू. झाडता झाडता त्यांनी डब्यातून एक नट उचलला आणि सहजपणे, चहात साखर घालावी तसा, पारड्यात टाकला.

"आई! हे काय?"

"अगंबाई, तुम्ही होय?" सासूबाई जराही दचकल्या नाहीत. "हा पंख्याचा. आवाज करतो."

"म्हणजे ते सगळं कपाट, मोरी... तुम्हीच?"

"मग कोण? ह्यांना कपाटाचं दार दिसतं का कधी? इतकी वर्षं रविवारी तासाआधी मी झाडायला येते आणि घराला काय हवं ते ठेवून जाते. त्यांना वाटतं, आपल्यालाच आठवलं. वाटू दे. भांडण नाही, कटकट नाही. आणि आता तुमच्यासारखा हातचा माणूस मिळालाय तर म्हटलं उरकून घ्यावं."

"पण माझं लग्न!"

"होईल हो. एवढी कसली घाई?"

घाई होती. दुकानाच्या मालकाने दूरच्या गावात दुसरं दुकान काढलं होतं. तिथला कारभार चष्मेवाल्याने बघावा असं त्याचं म्हणणं होतं, आणि पुढच्या महिन्यात निघायचं होतं. बायकोसह जाणार असेल तर दुकानावरची जागा राहायला मिळणार होती. एकटा गेला तर तो तिकडे आणि सपाता इकडे, आणि मधे एक माणूस दर रविवारी तराजू बघत बसलेला. लेकीने बापाला सांगून पाहिलं. बाप म्हणाला, "अगं, मी कुठे अडवतोय? वजन अडवतंय." ती म्हणाली, "मग वजनालाच बाबा म्हणते उद्यापासून," आणि ती आत निघून गेली. त्या दिवशी घरात चहा झाला नाही. चष्मेवाल्याने हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या पंख्याखाली बसल्या होत्या. पंखा आता आवाज करत नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. या रविवारी."

तो रविवार चष्मेवाला अजून विसरलेला नाही. तासरावांनी झालेली कामं काढून डब्यात टाकली, राहिलेली विचारून घेतली, लग्नाचा बोल्ट दोन्ही हातांनी उचलला आणि पारड्यात ठेवला. पारडं खाली गेलं. मग वर आलं. मग दोन्ही पारडी एकमेकांकडे बघत, लाजल्यासारखी, समोरासमोर थांबली. तासराव वाकून काटा बघत राहिले. पारड्यात काहीतरी शोधल्यासारखं त्यांनी एक बोट फिरवलं. मग ते सरळ झाले.

"जुळलं," ते म्हणाले. "अभिनंदन."

लग्न झालं, तेही रविवारीच, पण तास सोडून. इमारतीतल्या लोकांनी वर्गणी काढून नवरानवरीला एक घड्याळ दिलं. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी भाषण केलं, त्यात ते म्हणाले की संतुलन शिकावं तर मिस्त्रींकडून. बोलता बोलता ते तीनदा मोबाइलवर बोलायला बाहेर गेले.

नव्या गावी चष्मेवाल्याने सासऱ्यांची पद्धत उचलायचं ठरवलं. त्याच्याकडे नट नव्हते. होते ते चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू, डोळ्यात तेल घालून बघितले तरच दिसणारे. एका बशीत काम, एका बशीत घर. पहिल्याच रविवारी त्याला शिंक आली आणि अख्खा आठवडा टेबलाखाली गेला. त्या आठवड्यात बायकोचा वाढदिवस होता. त्याने कानाला खडा लावला आणि पुन्हा तसला प्रयत्न केला नाही. बायको म्हणाली, "आमच्याकडे तराजूला आई लागते. नुसत्या बशा मांडून काय होतंय?"

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा चष्मेवाल्याच्या शर्टाचं बटण तुटलं. सासूबाईंनी बटणांचा डबा पुढे केला. त्यात चाचपडताना त्याच्या हाताला काहीतरी थंड आणि जड लागलं. पितळी नट.

"हा इथे कसा? हा तर पारड्यात होता ना?"

"होता. माझा आहे तो." सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. "समुद्राचा."

"समुद्राचा म्हणजे?"

"लग्न झालं तेव्हा हे म्हणाले होते, तुला समुद्र दाखवीन. मी कधी बघितला नाही ना. त्याच रविवारी नट ठेवला, चांगला शोधून, पितळी. तेव्हापासून पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात असं चाललं होतं. कधी ह्यांची लिफ्ट, कधी हिची परीक्षा. ते घोंगडं भिजत पडलं ते पडलंच."

"मग तो का काढलात?"

"तुमचा बोल्ट केवढा, जावईबापू! काहीतरी निघायला नको होतं? समुद्र कुठे पळून जातोय." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "हे बटण चालेल ना? थोडं मोठं आहे."

चष्मेवाल्याने ते बटण लावून घेतलं. बायकोला त्याने हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. आईला आवडणार नाही." म्हणून त्याने सांगितलं नाही. पारड्यात नट नाही म्हणजे काम नाही. आणि काम नाही म्हटल्यावर समुद्राचं नाव त्या घरात कोणी काढलं नाही.

काही वर्षं गेली. लिफ्ट कुरकुरत वर गेली, कुरकुरत खाली आली. मग इमारतीच्या कमिटीने ठरवलं की नवी लिफ्ट बसवायची. कंपनीची माणसं आली, ती तासरावांशी फार अदबीने बोलली आणि म्हणाली की नव्या लिफ्टला यंत्राची खोलीच लागत नाही. सगळं आतल्या आत असतं. आठवड्याला थांबवायचीही गरज नाही, काही बिघडलं तर तीच कंपनीला कळवते.

"तीच कळवते?" तासराव म्हणाले. "मग तिला विचारायचं काय?"

"काहीच नाही काका. तुम्ही आता आराम करा."

तासरावांना आराम करायचा म्हणजे त्याचा नट कुठल्या पारड्यात ठेवायचा, हा प्रश्न पडला. रस्त्यावरच्या बाकी इमारतींतही नव्या लिफ्टा आल्या होत्या, त्यामुळे कामाचं पारडं रिकामं झालं होतं. ते हवेत होतं आणि घराचं खाली बसलं होतं, आणि कमी विजेवर चालण्याऐवजी तासराव आता अजिबातच चालेनात. दिवसभर खुर्चीत बसत. सासूबाईंनी मुलीला फोन केला, "ये गं दोन दिवस. ह्यांना काम लावायला तरी ये. माझी कपाटं संपली."

यंत्राची खोली मोकळी करायच्या आधीच्या रविवारी तासराव शेवटचे वर गेले. थांबवायला लिफ्टच नव्हती, जुनी उतरवलेली आणि नवी यायची होती, तरी त्यांनी जिन्यात वाकून नियमाप्रमाणे विचारलं, "आत कोणी आहे का?" पाठोपाठ, बायकोबरोबर सासरी आलेला चष्मेवालाही वर गेला. त्याच्या खिशात पितळी नट होता. बटणांच्या डब्यातून त्याने तो सासूबाईंना न विचारता उचलला होता, आणि ह्या घरात न विचारता केलेलं हे त्याचं पहिलंच काम. त्याने तो तराजूच्या खोक्यावर ठेवला.

तासरावांनी नटाकडे पाहिलं. उचलला. अंगठ्याने पुसला.

"कुठे होता हा?"

"आईंच्या बटणांच्या डब्यात. तुम्हाला आठवतो?"

"न आठवायला काय झालं? मी शोधला होता तेव्हा."

"कधी?"

"तुमचं जुळलं त्या रविवारी. बघितलं तर पितळी नाही."

"मग विचारलं नाहीत?"

तासरावांनी नट तळहातावर तोलला. "वजन जुळत होतं," ते म्हणाले.

त्यांनी ते भांडण्याच्या सुरात म्हटलं नाही. मग तासरावांनी नट घराच्या पारड्यात ठेवला, पारडं आणखी खाली गेलं, आणि त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही. ते खाली उतरले, दारातूनच म्हणाले, "अगं, बॅग भर. समुद्र बघायला जायचंय."

"कोणाला?"

"तुला. मलाही."

"अहो, आत्ता? माझे केस धुतलेले नाहीत!"

"समुद्र केस बघत नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तरी कुठे बघितलाय?" सासूबाई म्हणाल्या, आणि बॅग काढायला माळ्याखाली स्टूल शोधायला लागल्या. लेक हसली आणि स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याने त्यांना बसमध्ये बसवून दिलं. सासूबाईंना खिडकीची जागा. त्यांनी नवी साडी नेसली होती आणि जावयाने करून दिलेला लांबचा चष्मा लावला होता. समुद्र लांबपर्यंत असतो असं त्यांनी ऐकलं होतं. तासरावांच्या मांडीवर पाण्याची बाटली, आणि बुटांच्या नाड्या नेहमीसारख्या. प्रवास अख्ख्या दिवसाचा होता. "दोरी सोडा आता!" तासराव लिफ्टच्या सवयीने ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हरला ते कळलं नाही, पण त्याने बस सोडली.

संध्याकाळी घराची घंटा वाजली. चष्मेवाल्याने दार उघडलं. दारात दोघंही. सासूबाईंचा चेहरा जुन्या लिफ्टच्या आरशात दिसावा तसा पिवळा पडलेला.

"काय झालं?"

"गाडी लागली," तासराव म्हणाले.

"अर्ध्या वाटेवर उतरलो," सासूबाई म्हणाल्या. "बाकावर बसलो. ह्यांनी लिंबू आणून दिलं. मग समोरून परतीची गाडी आली, तीत बसलो. तीही लागली."

"पण आई, तुम्हाला गाडी लागते हे आधी..."

"मला कुठे माहीत होतं? मी एवढ्या लांब कधी गेलेच नव्हते."

त्या चार दिवस झोपून होत्या. नंतर पुन्हा समुद्राचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी कानाला हात लावला. यंत्राच्या खोलीत आता पाण्याचा पंप आहे. तराजू भंगारवाल्याने नेला. पितळी नट पंपाला बसला, आणि पंप तिथे गळत नाही.